नाचणीचं विरजण

पट्टीवर दुसरी रेघ उमटायला चाळीस सेकंदसुद्धा लागले नाहीत.

पहिली रेघ पट्टी चांगली असल्याची. दुसरी उमटली, तर नमुन्यात केसीन आहे, म्हणजे दुधातलं मुख्य प्रथिन. स्वप्नाली चौगुलेनं ती पट्टी बाजूला ठेवली, नवी काढली आणि बाटलीतला आणखी एक थेंब तिच्यावर सोडला. पुन्हा दोन रेघा. दुसरी तर पहिलीपेक्षा गडद.

"म्हणजे दूधच आहे," डॉ. रोहिणी शिरगुप्पे म्हणाल्या. मिरजेत त्यांचं मुलांचं छोटं रुग्णालय होतं. अशा पट्ट्या जवळपास फक्त स्वप्नालीच्या प्रयोगशाळेत मिळत, म्हणून त्यांनी सकाळी आठला तिला बोलावून घेतलं होतं.

"केसीन आहे," स्वप्नाली म्हणाली. "भरपूर आहे."

काचेपलीकडे चार वर्षांचा श्रेणिक झोपला होता. तोंडावर प्राणवायूचा मास्क, ओठ अजून सुजलेले. पहाटे उठल्या उठल्या तो पेलाभर दूध प्यायला आणि पंधरा मिनिटांत त्याचा घसा मिटत चालला. ॲड्रेनलिनची दोन इंजेक्शनं दिल्यावर कुठे श्वास मोकळा झाला होता.

त्याची आई पद्मजा दाराशी उभी होती. डॉक्टरांचे शब्द ऐकून ती आत आली.

"मॅडम, चार वर्षांत आमच्या घरात दुधाचा थेंब आलेला नाही. बिस्किटाच्या पुड्यावरचं बारीक अक्षर वाचल्याशिवाय मी पुडा घेत नाही. हे नाचणीचं दूध आहे. माझ्या हातानं केलंय मी."

"कसं केलंत?"

"नाचणीला मोड आणायचे, वाटून पाणी गाळून घ्यायचं, त्यात चमचाभर विरजण आणि थोडं शेंगदाण्याचं तेल. सकाळी दूध तयार. चुलतसासूबाईंनी विरजण दिलं. त्यांना कुणीतरी दिलं होतं."

स्वप्नालीनं बाटलीचं झाकण काढून वास घेतला. भाजक्या नाचणीसारखा वास, आणि त्याच्यामागे, अगदी पुसट, तापत्या सायीचा. गेली सहा वर्षं ती या वासात काम करत होती. तिनं झाकण लावलं.

"मी लॅबमध्ये नीट बघून कळवते," ती डॉक्टरांना म्हणाली, पण बोलताना त्यांच्याकडे बघितलं नाही.

औद्योगिक वसाहतीतल्या कंपनीच्या प्रयोगशाळेपर्यंत ती स्कूटर कशी चालवत आली ते तिचं तिलाच कळलं नाही. कंपनीच्या प्रत्येक यीस्टच्या जनुकांत एक खूण घातलेली असे, आणि ती वाचणाऱ्या यंत्राला वीस मिनिटं पुरत. ती वीस मिनिटं स्वप्नाली खुर्चीत न बसता यंत्रासमोर उभी राहिली.

माणसाचं मूल दूध पचवतं, कारण त्याच्या आतड्यात लॅक्टेज नावाचं विकर तयार होतं. ते दुधातल्या साखरेचे, म्हणजे लॅक्टोजचे, दोन तुकडे करतं आणि तुकडे रक्तात जातात. वय वाढलं की पुष्कळांचं लॅक्टेज कमी होत जातं. मग न तुटलेली साखर तशीच मोठ्या आतड्यात उतरते, तिथले जिवाणू तिच्यावर ताव मारतात, वायू धरतो, कळा येतात, माणूस दिवसभर कामातून जातो. त्यांच्यासाठी सोया, ओट, बदाम, नारळ यांची दुधं बाजारात कधीची आली होती. पण ती दिसायला दूध. त्यांना साय धरत नव्हती, चहात घातली की चोथापाणी होत होती, आणि हाडांना जे हवं ते त्यांत वरून मिसळावं लागत होतं.

स्वप्नालीच्या गटानं वेगळी वाट धरली. गाईच्या दुधातल्या प्रथिनांची जनुकं त्यांनी यीस्टमध्ये बसवली. हे यीस्ट मोड आलेल्या नाचणीतली साखर खाई आणि दुधाची प्रथिनं बाहेर टाकी. बारा तासांत भांड्यात दूध तयार. तापवलं की साय धरणारं, नासवलं की पनीर होणारं, पण लॅक्टोजचा कणही नसलेलं. त्यात गाय नव्हती, गोठा नव्हता, बाकी सगळं दूधच होतं.

बाजारात येणाऱ्या पुडीतल्या यीस्टला कंपनीनं कुलूप घातलं होतं. पुडीतलं एक खास पोषकद्रव्य संपलं की तीन खेपांत ते मरून जाई. पुडीवर ठळक लाल अक्षरांत छापायचं होतं : यात दुधाची प्रथिने आहेत. परवानगी अजून यायची होती. ज्याच्यापासून हे सगळं तयार झालं, त्या मूळ वाणाला मात्र कुलूप नव्हतं. चमचाभर ठेवला की तो दह्याच्या विरजणासारखा पिढ्यानपिढ्या चालला असता. म्हणून तो प्रयोगशाळेच्या शीतकपाटात बंद असे.

यंत्रानं खूण वाचली. मूळ वाण.

तो जगात दोनच ठिकाणी होता. एक ते शीतकपाट. दुसरं स्वप्नालीच्या स्वयंपाकघरातलं झाकणाचं स्टीलचं पातेलं.

तिनं पुण्याला देशमान्यांना फोन लावला. ते तिच्या गटाचे प्रमुख. बारा वर्षांपूर्वी त्यांनीच तिला नोकरीत घेतलं होतं.

"सर, मूळ वाण बाहेर गेलाय."

"कुठून?"

"माझ्या घरातून. जानेवारीत मी थोडासा घरी नेला होता. सासूबाईंसाठी. इथे एक मुलगा रुग्णालयात आहे, दुधाची ॲलर्जी असलेला. त्याच्या बाटलीत तोच वाण आहे."



"मुलगा कसा आहे?"

"सुधारतोय."

"हे आत्ता फक्त मला सांगितलंस ना? मग ऐक. सोमवारी परवानगीची बैठक आहे. तोवर डॉक्टरांना सांग, की भांड्याला गाईचं दूध लागलेलं असावं, नमुना दूषित आहे. सोमवार पार पडला की आपण स्वतःहून जाहीर करू, रीतसर, सगळी तयारी करून."

"सर, आज शुक्रवार आहे."

"तीन दिवस, स्वप्नाली. घरी बसून माणसं नाचणीचं दूध पीत असतील. तीन दिवसांत असं काय होणार आहे?" मग ते हळू आवाजात म्हणाले, "हे सगळं बंद पडलं तर लाखो माणसं पुन्हा पोट धरून बसतील. तुझ्या सासूबाईंसारखी. त्यांचाही विचार कर."

 "बघते," एवढंच म्हणून तिनं फोन ठेवला.

घरी सासूबाई, इंदुमती, ओट्याशी उभ्या राहून मोड आलेली नाचणी फडक्यातून सोडवत होत्या. वय एकाहत्तर. एकोणिसाव्या वर्षी लग्न होऊन त्या भिलवडीला आल्या, तेव्हा सासरी गोठ्यात आठ म्हशी होत्या आणि नव्या सुनेला रोज सकाळी पितळेचा पेला भरून धारोष्ण दूध मिळे. ते प्यालं की तासाभरात गुडघे पोटाशी घेऊन पडायची वेळ येई. घरात त्याला नखरे म्हणत. पुढे त्यांनी तक्रार करणंच सोडून दिलं. दूध लपूनछपून मोरीत ओतत आणि पोरांना सायभात कालवून देताना बोटही चाटत नसत. गेल्या वर्षी अंगणात नुसता हात टेकला तर मनगट मोडलं. डॉक्टर म्हणाले, हाडं खारी बिस्किटासारखी झाली आहेत.

त्यानंतर महिन्याभरानं स्वप्नालीनं मूळ वाणाची एक छोटी नळी घरी आणली होती. इंदुमतींनी पहिला पेला संपवला, तासभर खुर्चीत ताठ बसून कळा येण्याची वाट बघितली, आणि आल्या नाहीत तेव्हा पेला घासून ठेवला होता.

"आई, विरजण कुणाला दिलंत?"

इंदुमतींचे हात थांबले.

"तू म्हणाली होतीस, कंपनीचं आहे, कुणाला द्यायचं नाही. मला वाटलं, चमचाभरानं कंपनीचं काय जातंय."

"कुणाला दिलंत?"

"ज्यांना दूध चालत नाही त्यांनाच दिलं गं. उगाच वाटत सुटले नाही."

स्वप्नाली खुर्चीवर बसली. यापेक्षा वाईट उत्तर असू शकलं नसतं.

"आई, दूध न चालण्याचे दोन प्रकार असतात. तुमचा एक. तुम्हाला दुधातली साखर पचत नाही. पोट दुखतं, पण जीव जात नाही. दुसरा प्रकार वेगळाच. काही मुलांचं रक्त दुधातल्या प्रथिनालाच शत्रू समजतं. थेंब पोटात गेला तरी अंगावर गांधी उठतात, घसा सुजतो, श्वास बंद होतो. आपल्या दुधात साखर नाही, म्हणून तुम्हाला चालतं. प्रथिन मात्र पुरेपूर आहे. त्या मुलांना ते विष आहे. आज सकाळी एक मुलगा मरता मरता वाचला."

इंदुमतींचा चेहरा पांढरा पडला. "लोक दोन्हीला एकच म्हणतात. दूध चालत नाही."

"हो."

"हे तू मला तेव्हाच का नाही सांगितलंस?"

 तेव्हा स्वप्नाली फक्त एका गोष्टीला घाबरली होती, चोरी उघडकीस येण्याला. म्हणून तिनं कंपनीचं कारण पुढे केलं होतं. खरं कारण सांगितलं असतं, तर सासूनं एक थेंब दाराबाहेर जाऊ दिला नसता.

"नावं सांगा, आई. आपण फोन करू."

इंदुमतींनी फडकं बाजूला टाकलं. कुणाच्या लग्नात काय आहेर आला हे चाळीस वर्षं लक्षात ठेवणारी ती बाई. नावं भराभर आली. देवळाजवळच्या कुसुमताई, वखारीवाल्या पाटलांची थोरली सून, मागल्या गल्लीतल्या शिक्षिका. एकेकीला फोन लागत गेला. घरात लहान मूल आहे का, कुणाला दुधानं गांधी उठतात का, पुढे कुणाला दिलंत? प्रत्येकीनं पुढे दोघीतिघींना दिलं होतं. श्रेणिकच्या आईपर्यंत ते तिसऱ्या हातानं पोचलं होतं. स्वप्नाली कागदावर लिहीत गेली आणि कागद पुरेना.

"आणि मुल्ला बाई," इंदुमती म्हणाल्या. "परवाच नेलं त्यांनी. सतारमेकरांच्या गल्लीत बालवाडी आहे ना त्यांची. एक पोर आहे म्हणे तिथे, मनवा. तिला दूध चालत नाही. खिरीच्या दिवशी बिचारी नुसती बाकीच्यांची तोंडं बघत बसते. बाई म्हणाल्या, आता तिलाही—" त्या मध्येच थांबल्या.

"खिरीचा वार कोणता?"

"शुक्रवार."

घड्याळात अकरा वाजून दहा मिनिटं झाली होती. खीर साडेअकराला मिळे. मुल्ला बाईंचा फोन वाजून वाजून बंद पडला. वर्ग चालू असला की त्या फोन कपाटात ठेवत.

तेवढ्यात स्वप्नालीच्या फोनवर देशमान्यांचा निरोप आला : डॉक्टरांशी बोललीस का? लेखी काही देऊ नकोस.

तिनं निरोप तसाच ठेवून डॉ. शिरगुप्पेंना फोन लावला.

"डॉक्टर, ते विरजण माझ्या घरातून गेलंय. कंपनीचा वाण आहे, मी परवानगीशिवाय आणला होता. सगळं नंतर लिहून देते. आत्ता सतारमेकर गल्लीतल्या बालवाडीत एका मुलीला त्याचीच खीर देणार आहेत. तिला बहुतेक ॲलर्जी आहे."

 डॉक्टरांनी फक्त पत्ता नीट विचारून घेतला. "दुचाकी रुग्णवाहिका पाठवते. तुम्ही आधी पोचलात तर मुलीला चालू देऊ नका. आडवी ठेवा. श्वास जड वाटला तर पाठीला टेका देऊन बसवा."

"मी येते," इंदुमती म्हणाल्या. स्वप्नालीनं नको म्हणायच्या आत त्यांनी चपला घातल्या होत्या. "बाई तुला ओळखत नाहीत. तू सांगितलेलं पटायला वेळ जाईल."

पाइपलाइनसाठी गल्लीचं तोंड उकरून ठेवलं होतं. स्कूटर तिथेच टाकून दोघी फळीवरून चर ओलांडून गेल्या. दोन्ही बाजूंच्या दुकानांत सतारीचे भोपळे वाळत टांगलेले होते, कुठे तरी तारा जुळवणं चालू होतं, आणि या गल्लीत कुणालाच घाई नव्हती. इंदुमती मोडलेला हात छातीशी धरून धावल्यासारख्या चालत होत्या.

बालवाडीत मुलं रांगेत बसली होती. समोर वाट्या. हसीना मुल्ला हातात पळी घेऊन उभ्या होत्या. इंदुमतींना बघून हसल्या.

"आजी, बरं झालं आलात. आज मनवा पहिल्यांदा सगळ्यांबरोबर खिरीला बसली बघा. तिला आधी दिली मी, वाट्या दोन संपवल्या."

"कुठे आहे ती?" स्वप्नालीनं विचारलं.

मनवा भिंतीशी बसली होती. पाच वर्षांची, दोन वेण्या. मान चोळत होती. मानेवर आणि कानामागे लाल गांधी उठल्या होत्या.

"मुंग्या चावल्या वाटतं," मुल्ला बाई म्हणाल्या.

"मनवा, काय होतंय बाळा?"

"घशात केस अडकलाय," मनवा घोगऱ्या आवाजात म्हणाली आणि उठायला लागली.

स्वप्नालीनं तिला खांद्याला धरून खाली बसवलं. "बाई, हे दूध आहे. बाकीच्या मुलांच्या वाट्या उचला."

"नाचणीचं आहे ना? आजीच म्हणाल्या—"

"नाही. दूधच आहे. गाईच्या दुधात जे असतं तेच. मी तयार केलंय, मला माहीत आहे."

मुल्ला बाईंच्या हातातली पळी भांड्यात पडली. पुढच्या क्षणी त्या रांगेतल्या वाट्या ओढून घेत होत्या आणि मुलं रडू लागली होती.

मनवाच्या श्वासाला शीळ येऊ लागली. आडवं केलं तर ती धडपडून उठू बघे. इंदुमती भिंतीला टेकून जमिनीवर बसल्या आणि तिला पाठमोरी आपल्या छातीशी टेकवून घेतलं. दुखरा हात तिच्या पोटाभोवती घट्ट आवळला.

"हलायचं नाही. माझ्याबरोबर श्वास घे. हं, आता सोड."

स्वप्नाली पुढे बसून मुलीच्या ओठांकडे बघत होती. इतकी वर्षं तिनं केसीन हे आकड्यांत बघितलं होतं, लिटरमागे इतके ग्रॅम. आकडा वाढला की गटात पेढे वाटले जात. आता ते एका मुलीच्या गळ्यात होतं आणि काढून घेण्याचा कुठलाही उपाय तिच्या हातात नव्हता. ओठांभोवती निळसर छटा आली. डोळे मिटू लागले.

"आई, तिला बोलतं ठेवा."

"बोलत नाहीये ती," इंदुमती म्हणाल्या.

बाहेर भोंगा वाजला, थांबला, पुन्हा वाजला. चराशी गाडी अडली होती. मुल्ला बाई दारातून ओरडत पळाल्या. हेल्मेट घातलेली एक तरुणी पेटी घेऊन धावत आत आली, गुडघ्यावर बसली आणि फ्रॉक वर सारून तिनं मांडीत इंजेक्शन दाबलं. मग सगळे थांबले. एक मिनिट. दोन मिनिटं. श्वास तसाच फाटका. पाच मिनिटांनी तरुणीनं दुसरं इंजेक्शन दिलं आणि मास्क लावला.

मग हळूहळू शीळ विरत गेली. ओठांचा रंग बदलला. मनवानं डोळे उघडले, अनोळखी चेहरे बघितले आणि खणखणीत भोकाड पसरलं. इंदुमतींनी तिला सोडलं नाही. तिला सोपवून उठायला त्यांना दोघींचा आधार लागला.

दुपारी मनवाचे वडील रुग्णालयात आले. दत्ता सोनवणे, सतारींना पॉलिश करणारे. बोटं लाखेनं रंगलेली. विरजण कुणाच्या घरून आलं ते त्यांना आधीच कळलं होतं.

"मुल्ला बाई म्हणाल्या, दूध नव्हतंच ते," ते स्वप्नालीला म्हणाले.

"दूधच होतं. बाईंना ते माहीत नव्हतं. मला माहीत होतं."

"तुम्हाला माहीत होतं, तर ते तुमच्या घरातून माझ्या पोरीच्या वाटीत आलंच कसं?"

"घरी नेलं ते मी चुकून नाही, ठरवून नेलं. आणि घरच्यांना त्याचा धोका सांगितला नाही."

 "ती खीर तिला फार आवडली म्हणत होती," दत्ता म्हणाले आणि आत निघून गेले. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं, असं स्वप्नालीला वाटलं.

अन्नखात्याच्या अधिकाऱ्यांपुढे जबाब लिहायची वेळ आली तेव्हा इंदुमती तिच्या शेजारी बसल्या होत्या.

"लिही, की सासूनं न विचारता पातेल्यातून काढून वाटलं," त्या हळूच म्हणाल्या. "माझं काय व्हायचंय आता. तुझी नोकरी राहील."

"तुम्ही न विचारता वाटलंत हे खरं आहे," स्वप्नाली म्हणाली. "पण तुम्ही विचारलं असतंत तरी मी खोटंच कारण सांगितलं असतं. ते लिहायला पाहिजे."

तिनं तसंच लिहिलं. देशमान्यांचा निरोपही जोडला. संध्याकाळपर्यंत जिल्हाभर फोनवर सूचना गेली, नाचणीच्या विरजणात दुधाची प्रथिनं आहेत, ते नष्ट करावं. सोमवारची बैठक झाली नाही. पंधरा दिवसांत तिला कामावरून काढलं, खटला उभा राहिला. नवरा सुहास रेल्वेत होता, आठवड्यातले चार दिवस बाहेर. उरलेले तीन दिवस तो महिनाभर दोघींशी कामापुरतंच बोलत राहिला.

पण विरजण परत येणार नव्हतं. पहिल्या आठवड्यात एक्केचाळीस घरं सापडली. दुसऱ्या आठवड्यात कोल्हापूर आणि बेळगाव. सरकारी सूचना वाचून निम्म्यांनी पातेली उकळून ओतून दिली. उरलेल्यांनी दिली नाहीत. इंदुमती रोज सकाळी निघत आणि आपण दिलेल्या प्रत्येक दाराशी जात. सर्वांत आधी त्यांनी घरचं पातेलं शेगडीवर ठेवून वाण मारून टाकला. त्या दिवसापासून पुन्हा कोरा चहा.

कुसुमताईंनी मात्र पातेल्यावर हात ठेवला.

"इंदू, माझ्या घरात लहान पोर नाही. साठ वर्षांनी मी वाटीभर बासुंदी खाल्ली आणि रात्री सुखानं झोपले. तुझी सून म्हणते म्हणून मी ओतू? नाही ओतणार. कुणी मागितलं तर देणार पण. मला जे मिळालं ते दुसरीला का मिळू नये?"

इंदुमती घरी आल्या. ओट्याशी बसल्या.

"ओता म्हटलं तर कुणी ओतत नाही," त्या म्हणाल्या. "मीसुद्धा ओतलं नसतं, ते पोर माझ्या हातात नसतं तर."

"लोकांना समजावून सांगायचं. आणखी काय करणार."

"समजावून सांगितलेलं एका घरापुरतं टिकतं. चौथ्या घराला चमचा पोचतो, सांगणं पोचत नाही."  दुसऱ्या दिवशी इंदुमती पुन्हा निघाल्या, पण त्यानंतर त्या कुणाला ओतून टाका म्हणाल्या नाहीत. तिथे काय सांगतात ते स्वप्नालीनं विचारलं नाही. खटल्याचे कागद, वकील, तारखा यांत तिला उसंत नव्हती.

वर्ष गेलं. डॉ. शिरगुप्पेंनी तिला रुग्णालयात एक टेबल दिलं होतं. वाण कुठवर पसरलाय याची तपासणी सरकारनं तिथेच सोपवली होती आणि हा वाण तिच्याइतका कुणाला ठाऊक नव्हता. घसा मिटलेलं मूल अजूनही अधूनमधून येई. पण वाणाचा पसारा दसपट झाला होता आणि मुलांचा आकडा उलटा उतरत चालला होता. असं का, ते तिच्या कुठल्याच आलेखात बसेना. सूचना तर सहा महिन्यांपूर्वीच थंडावल्या होत्या.

एका सकाळी गडहिंग्लजकडची एक बाई बाटली घेऊन आली. कडेवर नातू.

"हे नाचणीचं दूध. माझ्या बहिणीनं विरजण देऊ केलं होतं. पण गाईच्या दुधानं ह्याच्या घशात खवखवतं, म्हणून मी त्याला दिलंच नाही. तपासून घे म्हणून ही बाटली तिनंच दिली."

"अजून एक थेंबही दिलेला नाही?"

"नाही. तिनं देताना विचारलं ना. घरात कुणाला दूध चालत नाही? मग पोट दुखतं, की अंगावर उठतं? अंगावर उठत असेल तर त्या घरात द्यायचं नसतं. नीट विचारल्याशिवाय कुणी देत नाही आमच्याकडे."

स्वप्नालीनं पट्टी काढली. तिचा हात मध्येच थांबला. "हे कुणी सांगितलं तुमच्या बहिणीला?"

"जिनं दिलं तिनं. ती निपाणीची. तिला कुणी सांगितलं, कुणास ठाऊक. रीतच आहे ती." बाईनं नातवाला दुसऱ्या कडेवर घेतलं. "न विचारता दिलं तर विरजण नासतं म्हणे. देणारीचंही आणि घेणारीचंही. खरं का हो, मॅडम? तुम्ही शिकलेल्या आहात."

सात वर्षं स्वप्नालीनं त्या यीस्टची वाढ मोजली होती. त्याला उष्णता मारी, आम्ल मारी. कुणी काय विचारलं, काय नाही विचारलं, याचा त्याच्यावर काडीचा परिणाम होत नसे. पण इथे चमच्याबरोबर सांगणंही पोचलं होतं. पट्टीवर दुसरी रेघ गडद उमटत होती. मुलगा आजीच्या पदराशी खेळत होता.

"खरं आहे," ती म्हणाली. "नासतं."

आणि तिनं मुलाच्या रक्ततपासणीचा कागद पुढे ओढला.